बोटांनी बघायचं बेट

दुबईच्या नोकरीत तुम्ही नेमकं काय करायचात, असं पुण्यातल्या आमच्या सोसायटीत कुणी विचारलं की मी सांगते, "झाडं लावायचे." समोरच्याला वाटतं, बागकाम. ते अगदीच खोटं नाही. फक्त माझी झाडं करंगळीच्या नखाएवढी असत. तारेच्या काडीवर रंगवलेल्या स्पंजचा चुरा चिकटवून मी ती उभी करत असे.

आमचा धंदा मॉडेलचा. दुबईत बिल्डर जमिनीत पहिली कुदळ मारायच्या आधीच फ्लॅट विकायला बसतो. मग गिऱ्हाइकाला दाखवायचं काय? तर काचेच्या पेटीतली, आतून दिवे लागलेली छोटी इमारत, खाली निळं पाणी, पाण्यात पांढऱ्या होड्या. ती इमारत सुभाष गवाणकरांच्या हातची. देवगडकडचे मूळचे सुतार, दुबईतल्या देरा भागात एका खोलीत पाचसहा जणांबरोबर राहायचे. अ‍ॅक्रिलिकचा तुकडा कापताना श्वास रोखून धरायचे. इमारतीच्या खालचं सगळं, म्हणजे जमीन, रस्ते, पाणी, झाडं, हे माझ्या सेक्शनला. पुण्यात इंटिरियरचा डिप्लोमा केला होता, त्याचा इथे असा उपयोग झाला.

गिऱ्हाइकं एकेक नग असत. एका साहेबांनी मॉडेलमधला समुद्र आणखी निळा, आणखी निळा करत शेवटी शाईसारखा करून घेतला. आणि त्यांच्याच एका ग्राहकानं नंतर तक्रार केली, की साइटवरचा समुद्र मॉडेलएवढा निळा नाही. दुसऱ्या एकांना आपल्या बाल्कनीत आपली बायकोच उभी हवी होती. लाल ड्रेसमध्ये. तांदळाच्या दाण्याएवढ्या बाहुलीत त्या बाईंना ओळखायचं कसं, हे आम्ही विचारलं नाही. लाल रंग दिला, साहेब खूश.

तेजीच्या काळात सगळ्यांना बेटं हवी होती. समुद्रात भर घालून केलेली, फुलासारखी, पानासारखी, काय काय आकारांची. मी इतकी बेटं केली, की आमचा चिन्मय शाळेत सांगायचा, "माय मॉम मेक्स आयलंड्स." त्यातली बहुतेक समुद्रातून कधी वर आलीच नाहीत. दोन हजार आठ सरता सरता मंदी आली आणि आमच्या फोनवर एकच शब्द ऐकू यायला लागला, होल्ड. हा प्रोजेक्ट होल्डवर, तो प्रोजेक्ट होल्डवर. तयार झालेली मॉडेल्स न्यायला कुणी येईना. शेडमध्ये धूळ खात पडलेल्या त्या चकचकीत वस्त्यांमधून आम्ही अंग चोरून चालायचो.

आमचे मालक नबील, लेबनॉनचे. वाईट माणूस नव्हे. पण पगार कुठून आणणार? एकेकाला केबिनमध्ये बोलवायचे, "हबीबी, आय अ‍ॅम सॉरी," आणि खलास. दिव्यांचं वायरिंग करणारा पेशावरचा शफीक गेला, रंगवाले दोघे फिलिपिनो गेले. शेवटी उरलो मी, गवाणकर आणि नबील. घरी श्रीकांतच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या कंपनीतही तेच चाललं होतं. अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टबाहेर दर आठवड्याला कुणाचा तरी सोफा विकायला ठेवलेला असायचा.

अशा दिवसांत एक गोऱ्या बाई शेडमध्ये आल्या. साठीच्या, उन्हानं रापलेल्या, पायात चपला. नाव मेगन. रास अल खैमाहून, म्हणजे उत्तरेकडच्या अमिरातीतून, स्वतः गाडी चालवत आल्या होत्या.

"मला एका बेटाचं मॉडेल हवंय," त्या म्हणाल्या.

मी आणि गवाणकरांनी एकमेकांकडे बघितलं. अजून कुणाला बेट हवंय?

"नवीन नाही," त्या म्हणाल्या. "जुनंच आहे. वेल्सच्या टोकाला. अँगलसी म्हणतात. आमचं गाव तिथलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे यजमान ओवेन हे रास अल खैमाच्या बंदरात पायलट होते. म्हणजे विमानाचे नव्हेत. बाहेरून आलेलं मोठं जहाज बंदरात आणून धक्क्याला लावायचं, त्या कामाचे. आयुष्यभर समुद्राकडे बघण्याचं काम, आणि काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. नोकरी संपली. मुलं नाहीत. आता परत गावी जावं, तिथे बहिणी आहेत, शेजार आहे, असं मेगनबाईंचं म्हणणं. ओवेन ऐकायला तयार नाहीत.

"तो म्हणतो, इथल्या घराचा कोपरा न् कोपरा मला माहीत आहे. तिथे जाऊन मी दुसऱ्याच्या दंडाला धरून फिरणार. जी जागा मला दिसणार नाही तिथे मला नेऊ नकोस, म्हणतो. मला वाटलं, हातात बेट दिलं तर... आधी बोटांनी फिरून बघेल. मग कदाचित पायांनी."

नबील केबिनच्या दारात उभे राहून ऐकत होते. मला वाटलं, नाही म्हणतील. एका म्हाताऱ्या जोडप्याचं काम, त्यात मिळणार ते काय? ते म्हणाले, "करा. पण नवीन माल आणायचा नाही. शेडमध्ये आहे त्यातून करा. हे झालं की मी शटर ओढतोय."

हे आमचं शेवटचं काम असणार होतं.

माल भरपूर होता. गवाणकरांनी एका होल्डवर गेलेल्या बेटाची पाटी उचलली, वरचे व्हिला खरवडून काढले आणि पाटी उलटी टाकली. त्या व्हिलांभोवतीचे माड मी स्वतः लावले होते. एकेक उपटताना बरं वाटलं नाही. पण त्या माडांना कुठे सावली पाडायची होती!

मेगनबाईंनी फोटोंचे गठ्ठे आणून दिले आणि माझ्या कॉम्प्युटरवर उपग्रहातून घेतलेली चित्रं होती. त्यांतून मी अँगलसी पहिल्यांदा बघितलं. मुख्य जमिनीपासून एका चिंचोळ्या खाडीनं तोडलेलं बेट. खाडीवर साखळ्यांनी टांगलेला जुना पूल. पूल ओलांडून उजव्या हाताला बोमारिस, तिथे पाण्याच्या खंदकात बसलेला किल्ला. बांधणाऱ्या राजाचे पैसे संपले, म्हणून वरचे मजले राहूनच गेले. "म्हणजे हाही होल्डवर," गवाणकर म्हणाले. उत्तरेला अ‍ॅमलुख, त्याच्या डोक्यावर तांब्याच्या खाणीचा उघडा, लालजांभळा डोंगर. पश्चिमेच्या टोकाला कड्याखाली एका खडकावर दीपगृह, तिथे उतरायला लांबच लांब पायऱ्या. दक्षिणेला समुद्रात घुसलेली लानद्विनची जीभ, भरतीला तिचं बेट होतं. आणि एक एवढंसं देऊळ, म्हणजे चर्च, चहूबाजूंनी भिंत घातलेलं, ओहोटी आली की दगडांवरून चालत जायचं. गवाणकर त्या चर्चच्या फोटोकडे बराच वेळ बघत होते.

नावांनी मात्र घाम फोडला. एका गावाचं नाव इतकं लांब, की त्याची पट्टी गावात मावेना, समुद्रात जायला लागली. मेगनबाईंनी ते एका दमात म्हणून दाखवलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. 'अ‍ॅमलुख'मधला घशातला ख मला आणि गवाणकरांना जमेना. नबील केबिनमधून बाहेर आले, एकदा ऐकलं आणि बिनचूक म्हणाले. अरबीत तसाच ख आहे. मेगनबाई हसून म्हणाल्या, "तुम्ही आमच्याकडचेच." त्या दिवसांत नबीलना हसताना मी तेव्हाच बघितलं.

चिन्मयनं घरी विचारलं, "आई, हाऊ कॅन यू मेक अ प्लेस यू हॅवन्ट सीन?" मी म्हटलं, "इतकी वर्षं मी कुणीच न बघितलेल्या जागा केल्या. ही निदान कुठेतरी आहे."

मॉडेल सुरेख झालं. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मेगनबाई ओवेनना घेऊन आल्या. उंच माणूस, पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट. त्यांना खुर्चीत बसवलं, हात धरून मॉडेलवर ठेवला. त्यांनी तळवा इकडून तिकडे फिरवला. सुरकुतलेली चादर नीट करावी तसा.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"बेट," मेगनबाई म्हणाल्या.

"टेबल आहे हे."

मी जवळ जाऊन डोळे मिटले आणि हात फिरवला. त्यांचं बरोबर होतं. मी केलेलं सगळं डोळ्यांसाठी होतं. निळ्याचे फिके गडद थर, कुरणांचे हिरवे तुकडे, वाळूचा पिवळा. बोटांना त्यातलं काहीच लागत नव्हतं. शिवाय ते बेट मुळात सपाट. अचूक प्रमाणात केलं तर त्यातली टेकडी दोन कागदांच्या जाडीची.

"मॅडम, ह्यां बेट खंय?" गवाणकर माझ्या कानाशी पुटपुटले. "ह्यो तर घावनो झालो." घावनो म्हणजे घावन, तव्यावरचं सपाट धिरडं.

मी ओवेनची बोटं धरून पूर्व किनाऱ्यावर नेली. तिथे मोएलव्रा, त्यांचं गाव. गोट्यांचा किनारा, दहाबारा घरं आम्ही मुद्दाम मोठी करून बसवली होती. "इथे तुमचं घर," मी म्हटलं.

ती बोटं घरांवरून पुढेमागे गेली आणि थांबली. "किनाऱ्यावरून घराकडे जाणारा रस्ता," ते म्हणाले, "डावीकडून जातो का उजवीकडून?"

त्यांना उत्तर नको होतं, ते स्वतःला विचारत होते.

"आठवत नाही," ते म्हणाले. "मेगन, मला आतमध्येसुद्धा दिसेनासं झालंय." खुर्ची मागे सारून ते उठले. "चल घरी."

गाडीत बसण्याआधी मेगनबाई माझ्याशी फक्त एवढं बोलल्या, "चूक माझीच. राहू दे हे." नबील म्हणाले, "यल्ला, खलास. आवरायला घ्या."

त्या संध्याकाळी मला राग आला होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. आपण केलेली शहरं कुणी बांधली नाहीत, त्याचं वाईट वाटून घ्यायचं मी कधीच सोडलं होतं. पण हे गाव खरोखर होतं, आणि एका माणसाला तिथे जायची भीती वाटत होती. ते सोडून कसं द्यायचं?

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेले तर गवाणकर डोळ्यांवर रुमाल बांधून मॉडेलसमोर बसले होते.

"आवरायला नाही घेतलं?" मी विचारलं.

"आवरतंयच," ते म्हणाले आणि बोटं फिरवत राहिले.

मग आम्ही अख्खं बेट बाजूला ठेवलं आणि फक्त मोएलव्रा करायला घेतलं. मांडीवर मावेल एवढ्या पाटीवर. यावेळी मी अचूकपणा सोडून दिला. चढ होता त्याच्या कितीतरी पट वाढवला. कड्याची धार बोटाला टोचेल अशी ठेवली. शेडमागच्या खडीतून बारीक गोटे निवडून किनारा केला. रस्ता खोलगट, बोट घातलं की आपोआप त्यातून पुढे जाणारा. पाण्याला रंगच दिला नाही. कापडावर सरस ओढून, वाळायच्या आत फणी फिरवून लाटा उठवल्या. जे काही करायचो ते आलटून पालटून रुमाल बांधून तपासायचो. नबील दोनदा येऊन बघून गेले. आवरा, असं काही म्हणाले नाहीत. तिसऱ्यांदा आले तेव्हा रुमाल मागून घेतला.

मेगनबाईंना फोन केला असता तर त्या नाही म्हणाल्या असत्या. म्हणून न विचारताच आम्ही नबीलच्या पिकअपमधून रास अल खैमाला गेलो. बंदरापाशी पांढऱ्या भिंतींचं बैठं घर. ओवेन व्हरांड्यात रेडिओ ऐकत बसले होते.

"कोण?"

"कालपरवाचे टेबलवाले," मी म्हणाले.

ते हसले नाहीत, पण रेडिओ बंद केला. गवाणकरांनी पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकले. मी ठरवलं होतं, काहीच सांगायचं नाही.

बराच वेळ हात पाटीच्या कडेवरच होते. मग एक बोट गोट्यांवर आलं. गोट्यांवर रेंगाळलं, पुढे सरकलं, रस्त्याच्या खोबणीत पडलं आणि खोबणीनं त्याला वर नेलं. वळणापाशी ओवेन थांबले.

"इथे उतरायचो मी," ते म्हणाले.

"कशावरून?" मेगनबाई स्वयंपाकघरातून दारात येऊन उभ्या होत्या.

"सायकलवरून. इथून पुढे चढवायची नाही कधी. वडील चढवायचे, मी ढकलत न्यायचो." बोट पुढे निघालं. "इथे वारा अंगावर येतो. म्हणजे डाव्या हाताला समुद्र उघडा झाला. इथे रॉबर्ट्सबाईंचा कुत्रा. इथे दम लागतो... आणि हे फाटक." त्यांनी मान वर केली. "मेगन, उजवीकडून जातो रस्ता."

"हो," मेगनबाई म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या, तोवर चहाचं कुणी नावही काढलं नव्हतं.

त्यांना डोळ्यांनी आठवायचं होतं आणि तिथलं पुसट होत चाललं होतं. पण पायांना, दमाला, वाऱ्याला सगळं आठवत होतं. ते आधी आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, त्यांच्याही नाही.

मग दर शुक्रवारी ते शेडमध्ये यायला लागले. आम्ही अख्खं बेट नव्यानं केलं, त्यांना विचारून. फार खडूस गिऱ्हाईक. दीपगृहाच्या पायऱ्या तीनदा करायला लावल्या, कारण गुडघे दुखल्यासारखं वाटत नाही म्हणे. लानद्विनच्या वाळूत मी खरी वाळू लावली तर म्हणाले, "ही वाळवंटातली आहे, फार गुळगुळीत." गवाणकर शोधत शोधत उत्तरेकडच्या एका किनाऱ्यावरून शिंपल्यांचा चुरा असलेली वाळू घेऊन आले, तेव्हा साहेबांचं समाधान झालं. तांब्याच्या डोंगरासाठी फुटक्या टाइलचा चुरा. किल्ल्याचा खंदक बोटाचं पेर बुडेल एवढा. चर्चकडे जाणारी दगडांची वाट मात्र त्यांनी पहिल्याच वेळी पास केली. त्या वाटेवरून त्यांचं आणि मेगनबाईंचं लग्नाचं वऱ्हाड गेलं होतं, आणि पाणी चढायला लागल्यावर पाद्र्यानं प्रार्थना आटोपती घेतली होती, असं त्यांनी सांगितलं. "भिजलेच सगळे," मेगनबाई म्हणाल्या.

गवाणकर आणि ते समुद्रावर बोलायला लागले की गवाणकरांना परत कामाला जुंपणं मला कठीण जायचं. गवाणकर मोडकंतोडकं हिंदीमिश्रित इंग्रजी बोलायचे, ओवेन थोडी बंदरातली हिंदी. दोघांचं व्यवस्थित चालायचं.

एका शुक्रवारी ओवेननी पुलापासून सुरुवात केली आणि कुणाची मदत न घेता, एकही शब्द न बोलता, किनाऱ्या किनाऱ्यानं अख्ख्या बेटाला फेरी मारून ते परत पुलाशी आले. हात झटकले आणि मेगनबाईंना म्हणाले, "तिकिटं बघायला हरकत नाही."

बेट लाकडी खोक्यात घालून आगबोटीनं गेलं. ते दोघं आधीच पोचले होते.

आता नबीलच्या शटरचं. खोकं न्यायला गाडी येईपर्यंत मॉडेल शेडमध्येच होतं. मेगनबाईंच्या ओळखीच्या एक बाई शारजात दृष्टिहीन मुलांना शिकवायच्या, त्या चार मुलींना घेऊन बघायला आल्या. त्यातली एक मुलगी बोमारिसच्या किल्ल्यातून बाहेर यायलाच तयार होईना. जाताना त्या बाईंनी विचारलं, "आपल्या अमिरातींचं असं कराल का? आमच्या मुलींनी शाळेच्या बाहेरचं काही बघितलेलं नाही." नबीलनी माझ्याकडे बघितलं. मी गवाणकरांकडे. शटर ओढायचं राहून गेलं.

धंदा पूर्वीसारखा कधीच झाला नाही. शेड लहान घेतलं. पुढे बिल्डर परत आले, काचेच्या पेट्या परत आल्या, पण मी बहुतेक शाळांचं आणि संग्रहालयांचं काम करत राहिले. काम वाढलं तेव्हा शफीकला परत बोलवावं म्हणून आम्ही फोन लावत राहिलो. नंबर बंद होता. त्याच्यासारखे दिवे कुणी लावले नाहीत. गवाणकर माझ्या आधी निवृत्त झाले. त्यांच्या गावच्या शाळेत त्यांनी वर्गाच्या भिंतीवर हात लावून बघायचा तालुक्याचा नकाशा करून दिलाय. मुलं खाड्यांत बोटं घालून त्या झिजवतात, अशी त्यांची लाडिक तक्रार असते.

मी आणि श्रीकांत पुण्याला परतलो, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मेगनबाईंचा फारच आग्रह झाला म्हणून अँगलसीला गेलो. पूल ओलांडून बस निघाली तेव्हा श्रीकांत नकाशा उघडून बसला. मी त्याला प्रत्येक वळण आधी सांगत होते. मोएलव्राला उतरलो तर समुद्राचा वास, गोट्यांवर पाण्याचा खळखळाट, आणि तो चढ. मी वाढवला होता तेवढा नव्हता, पण माझ्या वयाला पुरेसा होता. फाटकाशी ओवेन उभे होते, हातात पांढरी काठी.

"चला, किनारा दाखवतो," ते म्हणाले.

"हे दाखवणार?" श्रीकांतनं मला मराठीत विचारलं.

काठी पुढे, ते पुढे, आम्ही मागे. कड्यावरची पायवाट, एका बाजूला कुरण, दुसऱ्या बाजूला खाली पाणी. वाटेतली फाटकं ते स्वतः उघडून आमच्यासाठी धरत होते. एका ठिकाणी म्हणाले, "इथे खाली सील येऊन पडतात," आणि खरोखर दोन सील आडवे झाले होते. भेटणारे लोक त्यांना नावानं हाक मारत होते. एका लहान मुलीनं तर आपली बाटली उघडायला त्यांच्याच हातात दिली.

टोकाला एक बाक होता. ते बसले नाहीत, पाण्यापलीकडे तोंड करून उभे राहिले.

"इथून पलीकडचे डोंगर दिसतात. दिसताहेत?"

"नाही," मी म्हणाले. "ढग आहेत."

"मग थांबू या थोडं," ते म्हणाले. "वारा बदललाय."

आम्ही थांबलो. श्रीकांतनं कॉलर वर केली, टोपी घट्ट धरली. मग राखाडी ढगाची एक कड सुटली, तिच्याखाली काहीतरी गडद, भक्कम असं पुढे आलं, आणि श्रीकांतच ओरडला, "दिसले!"

"कुठून सुरू झाले?" ओवेननी विचारलं. "डावीकडून सांग."

मी त्यांच्या बाजूला उभी राहिले आणि डावीकडून सांगायला लागले.